भलत्या नावाला ओ

"बार्नबस म्हणजे कोण, हे तुम्हाला नुसत्या पुस्तकातून कळायचं नाही," चिंचोरे सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. चष्मा काढला की सर आता मनातलं बोलणार, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. "अमेरिका राहू द्या तिकडं लांब. इथं बघा, तिसऱ्या बाकावर. आपला नागसेन जर तिकडं जन्मला असता, तर तो बार्नबस झाला असता."

सगळा वर्ग वळला. पुढच्या बाकांवरच्या मुली एरवी चुकूनही मागं बघायच्या नाहीत, त्याही वळल्या. मी पुस्तकात डोकं घालून बसलो. पान तेच होतं, पण त्यावरची इंग्रजी अक्षरं एकदम अनोळखी झाली.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ती अमेरिकन कादंबरी होती. दक्षिणेकडच्या कुठल्याशा नदीकाठच्या गावातला बार्नबस हा काळा नावाडी. गिरणीमालकाचा मुलगा नदीत पडतो, हा उडी मारून त्याला काठावर आणतो, पण मुलगा आधीच गेलेला असतो. मग यानंच बुडवला असं गाव ठरवून टाकतं. खटला चालतो, आणि बार्नबसला फाशी देतात. सर ती कादंबरी अशी शिकवायचे, की बाहेर व्हरांड्यातून जाणारा शिपाईही दोन मिनिटं थांबायचा. "पन्नाशीचा माणूस! आणि गावातलं शेंबडं पोर त्याला 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारतं. नाव आहे, पण नावानं हाक मारायला कुणी नाही!" असं म्हणताना सरांचा आवाज फाटायचा आणि डोळ्यांत खरोखर पाणी यायचं.

सर मनानं निर्मळ होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. स्वतःची डिक्शनरी त्यांनी मला वापरायला दिली होती. वर्गात माझ्याकडं बोट केलं तेसुद्धा मायेनंच. माया अशी असली की माणसाला रागावताही येत नाही.

"खटल्यातलं बार्नबसचं बोलणं तू वाच," ते मला म्हणाले. "तुझ्या तोंडून ते खरं वाटेल."

मी उभा राहून वाचलं. माझे उच्चार खेडवळ होते, तरी त्या दिवशी कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर पुढून कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. मला मात्र काही वाटलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपलाच असून आपला राहत नाही, तसं काहीतरी झालं होतं.

तास सुटल्यावर संग्राम शेळकेनं माझ्या खांद्यावर हात टाकला. संग्राम बागायतदाराचा मुलगा, वर्गातला पुढारी, दिलदार. त्याच्या नोट्स तो न मागता द्यायचा.

"काय बार्नबस, चहा घेणार?" तो म्हणाला.

तेवढंच. शिवी नाही, टोमणा नाही, वर चहाचं आमंत्रण.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही म्हणतात, कॉलेजात तर त्याहून कमी लागतो. आठवडा संपायच्या आत कँटीनमध्ये, ग्राउंडवर, लायब्ररीच्या खिडकीशी मी बार्नबस झालो. 'बार्नबस, गाइड आणलंस का?' 'बार्नबस, बाजूला सरक.' माझ्या जातीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच उरली नव्हती. सरांनी एकदा बोट दाखवून दिल्यावर ते नाव नुसतं उच्चारलं तरी पुरत होतं.

मी त्या नावाला ओ देत नव्हतो. कुणी कितीही हाका मारल्या तरी मान वर करायची नाही. समोर येऊन बोललं तर बोलायचं, नाहीतर नाही. आधी पोरं म्हणाली, भाव खातोय. मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली आणि पैज लागली: बार्नबस ज्याच्या हाकेला ओ देईल, त्याला सगळ्यांकडून मिसळ.

हे ओ न देणं मी कॉलेजात शिकलो नव्हतो. ते घरचं होतं.

माझ्या आज्याचं नाव कचरू. आमच्याकडं पोरं जगावीत म्हणून, आणि बरं नाव ठेवलं तर गाव खपवून घेत नाही म्हणूनही, असली नावं ठेवायचे. त्या कचरूचंही गावानं कचऱ्या केलं. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, पण आज्याचं नाव तेच राहिलं. माझे वडील तुळशीराम, त्यांना मी अण्णा म्हणायचो. गावासाठी ते तुळश्या. एके दिवशी, माझा जन्मही व्हायचा होता तेव्हा, अण्णांनी ठरवलं की तोडलेल्या नावाला ओ द्यायची नाही. पाटील आमच्या अंगणात उभे राहून 'तुळश्या, ए तुळश्या' करत राहिले आणि अण्णा त्यांच्यासमोर बसून विळ्याला धार लावत राहिले. शेवटी पाटलांच्या तोंडून 'तुळशीराम' निघालं, तेव्हा अण्णा उठले आणि म्हणाले, "ओ. बोला, काय म्हणताय?"

ती ओ महागात पडली. त्या साली गावात कुणी त्यांना कामाला बोलावलं नाही. मग ते बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर लागले. खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची, मैलाचे दगड रंगवायचे. शाळा त्यांची जेमतेम झालेली, पण दगडांवर गावांची नावं रंगवून रंगवून अक्षर असं सुबक वळलं होतं, की मास्तरानं मान खाली घालावी. माझं नाव नागसेन ठेवलं तेही त्यांनीच, विहारात भंतेंच्या तोंडून ऐकून. मी शाळेत जायला लागलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "कुणी नाग्या म्हणलं तर ऐकू आलं न्हाई असं समजायचं. भलत्या नावाला वो दिली, का ते नाव आपलं झालं."

मी एकदा सरांकडं गेलो. स्टाफरूममध्ये ते एकटेच पेपर तपासत बसले होते.

"सर, मुलं मला त्या नावानं हाक मारतात," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"बार्नबस."

सरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "अरे, मग यापेक्षा मोठा मान कुठला? त्या कादंबरीतला सगळ्यांत थोर माणूस आहे तो. मला कुणी बार्नबस म्हटलं असतं, तर मी धन्य झालो असतो."

मग तुम्हीच ठेवून घ्या की ते नाव, सर, हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं. "हो सर," म्हणून मी बाहेर पडलो. व्हरांड्यात बराच वेळ उभा होतो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आता डब्याचं सांगायला हवं. आमच्या भागात तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं यायचे. सकाळच्या गाडीनं भाकरी-कालवण यायचं, स्टँडवरच्या ओट्यावर कंडक्टर डबे मांडून जायचा, ज्यानं-त्यानं आपापला उचलायचा आणि संध्याकाळच्या गाडीत रिकामा टाकून द्यायचा. अदलाबदल होऊ नये म्हणून झाकणावर ऑइलपेंटनं नाव. माझ्या झाकणावर अण्णांनी रंगवलं होतं, मैलाच्या दगडावरच्या काळ्या रंगानं, 'नागसेन तु. खरात'.

गॅदरिंगचे दिवस होते. पाट्या रंगवायला संग्रामच्या हातात ब्रश होता.

"तुझा डबा मीच टाकला रे गाडीत," तो संध्याकाळी म्हणाला. "जरा सजवून टाकलाय."

पोरं हसली. मला तेव्हा उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावरून डबा उचलायला गेलो, तर झाकणावर माझ्या नावावरून लाल पट्टा फिरवलेला आणि खाली मोठ्या अक्षरात 'बार्नबस'. डबा घरी जाऊन आला होता. आत रोजच्यासारख्याच भाकऱ्या होत्या, वांग्याचं कालवण होतं. कुणी काही निरोप दिला नव्हता. मी घासणीनं झाकण घासून पाहिलं. तसला रंग निघत नाही.

पुढच्या रविवारी अण्णा आले.

चार पोरांत मिळून घेतलेली आमची खोली होती. बाकीचे गावाकडं गेले होते. मी अभ्यास करत बसलो होतो, तर दारात अण्णा. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला धुतलेली टोपी, हातात पिशवी. इतके नटून ते फक्त जयंतीला निघायचे.

"अण्णा? आज कसे काय आलात?"

"आलो." ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "जय भीम म्हणलेलं चालतंय का तुमच्यात, का दुसरं काही म्हणायचं असतंय?"

"आमच्यात म्हणजे?"

ते आत आले, सतरंजीवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आधी तिथंच जाऊन आलो. मिशनच्या देवळात. म्हणलं, आज आईतवार, पोरगा तिथंच घावंल."

मला अजूनही उलगडा होईना. अण्णा सावकाश सांगायला लागले. "मागच्या बाकड्यावर बसलो. पेटी-तबल्यावर गाणी झाली, चांगली म्हणतात. मंग एकजण म्हणला, पाव्हणं, कुणाकडचे? म्या म्हणलं, बारनबसचा बाप. तर त्यांनी एक म्हातारा आणून हुबा केला. माझ्यापरीस थोराड! म्हणतोय, मीच बार्नबस. म्या म्हणलं, बाबा, तुमचा बाप व्हायला मला आजून एक जल्म लागंल."

मला हसू आलं. अण्णाही हसले. ते हसू थोडा वेळ खोलीत राहिलं आणि मग ओसरलं. कारण तोवर मला कळलं होतं. झाकणावरचं नाव वाचून अण्णांनी धरून चाललं होतं, की पोरगा ख्रिश्चन झाला. चुकलं तरी कुठं होतं त्यांचं? आमच्या भागात बार्नबस हे नाव ऐकलं की माणसाला मिशनच आठवणार. आणि आमच्या घरात नाव बदलतं ते एकाच कारणानं, धर्म बदलला की. उगाच कुणी कुणाचं नाव बदलत नाही, एवढंच अण्णांना ठाऊक होतं.

"डबा आला त्या दिवशी रॉकेल घिऊन पुसायला बसलो व्हतो," अण्णा म्हणाले. "मंग हात थांबला. म्हणलं, पोराचं नाव हाये. त्याला इचारल्याबिगर कसं पुसू?"

"अण्णा..."

"माझं हुंदे आधी. लई राग आला. तुझी आई तर दोन दिस जेवली न्हाई. पर त्या म्हाताऱ्यानं चहा पाजला, नावाचा अर्थ सांगितला. धीर देणारा, म्हणं. नाव वंगाळ न्हाई." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आता खरं सांग. गेलास का तू त्या धर्मात? तिथं तर तुला कुणी वळखत न्हाई."

एक वाक्य पुरे होतं. नाही अण्णा, तो पुस्तकातला एक माणूस आहे, गोऱ्यांनी पायाखाली तुडवलेला, आणि सरांनी भर वर्गात सांगितलं की तो म्हणजे मी. इतकंच सांगायचं होतं. पण समोर तो इस्त्रीचा सदरा होता. ज्या माणसानं एका हाकेपायी गावातलं काम गमावलं, त्याला मी काय सांगणार होतो? की तुमची ओ फुकट गेली? की आता पोरं शिकलेली आहेत, ती नाव तोडत नाहीत, अख्खं दुसरंच लावतात?

"हो," मी म्हणालो. "आमची प्रार्थना कॉलेजातच असते."

"कोण घेतंय?"

"चिंचोरे सर."

"बामन?" अण्णा चाटच पडले. "त्यो बी गेला?"

"त्यांची फार श्रद्धा आहे. बार्नबसचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या."

"मंग माणूस खरा असंल," अण्णा म्हणाले.

बोलताना मला वाटत होतं की हे दुसराच कुणी बोलतोय आणि मी शेजारी बसून ऐकतोय. लाज नाही, भीती नाही, काहीच नाही.

अण्णांनी टोपी झटकली, परत गुडघ्यावर ठेवली. "आता एकच इचारतो. तिथं तुला आख्ख्या नावानं हाक मारतात ना? बारन्या-फारन्या न्हाई ना करत?"

"नाही. पूर्ण नावानं."

"समदी?"

"सगळी."

"मोठ्या घरची पोरं बी?"

"तीच जास्त."

अण्णांनी पिशवी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "तुझ्या आज्याला मरंस्तोवर कुणी धड नावानं हाक मारली न्हाई. मला मारली, पर भांडून घ्यावी लागली. तुला न भांडता मारत्यात." ते जरा खाकरले. "नागसेन नाव म्या ठेवलं व्हतं, त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पर असू दे. आपल्या बापजाद्यांनी बी धरम सोडलाच की, माणसागत हाक यावी म्हणून. तुझ्या आईला म्या सांगतो समजावून."

त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून माझ्यापुढं ठेवले. मी एक खाल्ला. गोड होता, एवढं आठवतं.

दुपारच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. ओट्यावर पोरांचा घोळका बसला होता. रविवारी डब्याची गाडी उशिरा यायची. संग्राम मधोमध, पाय हलवत. मला बघून तो ओरडणार होता, पण सोबत वडील माणूस दिसल्यावर थांबला. तेवढी रीत त्याच्या अंगात होती.

अण्णा गाडीत चढले. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली, थोडा लांब उभा होतो. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली, ओट्याकडं बघितलं, पोरं कॉलेजातली आहेत हे ओळखलं. मी अण्णांना ओळखत होतो. पोराचं नवं नाव आपल्याला मान्य आहे, हे चारचौघांत दाखवायचं त्यांच्या मनात आलं असणार. जे करायचं ते ते उघड करायचे.

"बारनबस!" अण्णांनी हाक मारली.

खणखणीत आवाज. रस्त्याच्या पार पलीकडं काम करणाऱ्या माणसाला बोलवायचा आवाज. ओट्यावरचे पाय हलायचे थांबले. पोरांनी अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुणी हसलं नाही. संग्रामचं तोंड तेवढं अर्धवट उघडं राहिलं.

मी ओ दिली नाही. देणार नव्हतोच. अंगवळणीच पडलं होतं ते.

अण्णा थांबून राहिले. त्यांना वाटलं असेल, उच्चार चुकला. त्यांनी ओठ जुळवले आणि अक्षर न अक्षर सुटं करून, मैलाच्या दगडावर रंगवावं तसं, पुन्हा म्हटलं, "बार-न-बस!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक शंका आली. पोराला आपली लाज तर वाटत नाही? टोपीवाला, रस्त्यावर काम करणारा बाप, शहाण्या पोरांसमोर नको तर झाला नाही?

"ओ, अण्णा," मी म्हणालो.

ते हसले. "जपून ऱ्हा," म्हणाले. "आईला काही सांगू का?"

"ठेचा पाठवायला सांगा."

गाडी फिरली आणि स्टँडबाहेर पडली. खिडकीतला हात बराच वेळ दिसत होता. मी ओट्याकडं न बघता खोलीवर आलो आणि राहिलेले लाडू खाल्ले.

अण्णांना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये संग्रामनं हाक मारली. या वेळी हळूच, जरा चाचरतच. मी ओ दिली. चहा घेतला. मिसळीचा विषय कुणी काढला नाही. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी त्या नावाला ओ देत राहिलो, कारण आता ते भलतं नाव राहिलं नव्हतं. माझ्या बापानं मला त्या नावानं हाक मारली होती.